खर्जातला माणूस

रत्नागिरीत माझं टेपरेकॉर्डर दुरुस्तीचं दुकान होतं, तेव्हा लोक माझ्या हातापेक्षा माझ्या खुर्चीबद्दल जास्त बोलत. साधी वेताची खुर्ची. कपाटाच्या आड, भिंतीकडे तोंड करून ठेवलेली. तिच्यावर बसलेलं माणूस एकटंच हसायचं, एकटंच डोळे पुसायचं आणि मधूनच "हो रे बाबा, पोचलं सगळं" असं भिंतीला ठणकावून सांगायचं. रस्त्यावरून जाणाऱ्याला बाकी काहीच ऐकू येत नसे. शेजारच्या भुसारवाल्याने एकदा मला बाजूला घेऊन विचारलं, "भाऊ, तुमच्याकडे लोकांच्या अंगात येतं काय हो?" मी म्हटलं, "अंगात नाही, कानात येतं. बसून बघा एकदा." तो काही बसला नाही.

खुर्चीची हकीकत सांगतो. ऐंशी सालानंतरचा काळ. आमच्याकडचा कर्ता पुरुष पूर्वी मुंबईला जायचा, तो आता मुंबईहून पुढे आखातात जाऊ लागला होता. फोन करायचा तर ट्रंक कॉल, तोही पोस्टातल्या रांगेसमोर ओरडून. पत्र लिहायचं तर तिकडे लिहिणारा हवा, इकडे वाचणारा हवा, आणि दोघा परक्यांच्या नजरेखालून गेलेलं पत्र घरातलं कुठे राहतं? म्हणून तिकडे खोलीत टेपरेकॉर्डर आला की लोक कॅसेट भरून पाठवू लागले. सुट्टीवर येणाऱ्या कुणाच्या तरी बॅगेतून ती यायची आणि रुमालात गुंडाळून माझ्याकडे पोचायची, कारण गावातल्या घरात टेप नसे आणि पुष्कळ घरांत वीजही नसे. पहिली बाजू आईवडिलांची, भाऊबंदांची, गुराढोरांच्या चौकशीची. दुसरी बाजू बायकोची. असा रिवाजच पडून गेला होता.

सुरुवातीला मी दोन्ही बाजू काउंटरवरच्या स्पीकरवर वाजवायचो. मग एकदा एका नव्या नवरीची दुसरी बाजू लागली. बाकावर सासरा बसलेला, काउंटरवर रेडिओ घेऊन आलेले दोघे उभे. तिच्या नवऱ्याने तिला जी काही हाक मारली, ती ऐकून मीच धावत जाऊन बटण दाबलं. पोरीने मान वर केली नाही. त्यानंतर मी मिरकरवाड्यातल्या एका खलाशाकडून त्याने बोटीवरून आणलेला हेडफोन घेतला आणि खुर्ची कोपऱ्यात गेली.

हेडफोन दोन जातींचे असतात. एकाच्या कानावरच्या वाट्यांची पाठ जाळीची, उघडी. त्यातलं शेजाऱ्यालाही ऐकू येतं. दुसऱ्याची पाठ बंद. माझा बंद पाठीचा होता, कारण मला आवाज चांगला हवा होता त्याहून जास्त तो बाहेर फुटायला नको होता. पण बंद पाठीचा हेडफोन मोठा मानी असतो. तो कानाला गच्च बसला तरच काम करतो. जाडा आवाज, ज्याला गाणारे खर्ज म्हणतात, तो हवेला ढकलून पुढे जातो. वाटी आणि कान यांच्यामध्ये हवा कोंडलेली असेल तर तो धक्का कानाच्या पडद्याला पोचतो. काडीइतकी फट राहिली की हवा तिथून सटकते आणि खर्ज तिच्याबरोबर जातो. बारीक आवाजाला त्या फटीचं काही वाटत नाही, तो सरळ आत येतो. म्हणजे फट राहिलेला हेडफोन मुका होत नाही, तो फसवतो. शब्द सगळे कळतात, बोलणाऱ्याचा घसा ओळखू येतो, फक्त त्याची छाती गायब झालेली असते.

आमच्या हवेने त्या हेडफोनच्या रेक्झिनच्या गाद्या एका पावसाळ्यात पापड करून टाकल्या. तेव्हा पेट्या दुरुस्त करणाऱ्या एका स्नेह्याकडून मी हार्मोनियमच्या भात्याचं मऊ चामडं आणलं. भात्याला भोक पडलं की पेटी कशी रडते हे मी पाहिलेलं होतं, आणि इथेही दुखणं तेच होतं. माझी बायको सुमन हिने त्या चामड्याच्या गोल गाद्या शिवल्या, आत सावरीचा कापूस भरला, आणि मी खालून सायकलच्या ट्यूबची कडी चिकटवली. त्या गाद्यांचा मला आजही अभिमान आहे. परदेशी कंपनीलाही त्या जमल्या नसत्या, कारण कंपनीला सावरीचा कापूस कुठला मिळणार?

गिऱ्हाईक नीट बसलं की नाही हे तपासायची माझी एक युक्ती होती. हेडफोन लावून त्याला म्हणायचो, "तोंड मिटून म्हणा, हूं." फट नसेल तर स्वतःचा हुंकार डोक्यात घुमतो आणि माणूस दचकतो. दचकला की कॅसेट सुरू. नाही दचकला तर फट कुठे आहे ते शोधायचं. चष्म्याची काडी, टोपीची कड, वेणीतला गजरा, पदर. बायकांच्या बाबतीत हे शोधकाम सुमनकडे असे. एका चष्मेवाल्या गृहस्थांना चष्मा काढवेना, काढला की म्हणे ऐकूही कमी येतं. त्यांची उजवी बाजू कायम फटीची राहिली, त्यामुळे त्यांचा मस्कतचा भाऊ त्यांना नेहमी डाव्या खांद्याशी उभा राहून बोलल्यासारखा वाटे. ते बोलता बोलता डावीकडे वळून बघत. पुढे पुढे खुर्चीत नसतानाही बघत.

आणखी एक निवृत्त मास्तर होते. ते एकदा ऐकता ऐकता पांढरेफटक पडले आणि म्हणाले, "मुलगा बोलतोय, पण त्याच्या मागे कुणीतरी बूट घालून फेऱ्या मारतंय." मी कॅसेट ऐकली, काही नव्हतं. मग लक्षात आलं, मास्तरांच्या तोंडात सुपारी होती. कान गच्च मिटले की आपलाच जबडा आपल्याला पावलांसारखा ऐकू येतो. सुपारी थुंकायला लावली, पुन्हा हेडफोन चढवला. मास्तर म्हणाले, "आहेच तो. आता हळू चालतोय." ती त्यांची नाडी होती. मी समजावून सांगितल्यावर ते म्हणाले, "म्हणजे पोराच्या मागे इतका वेळ मीच उभा होतो म्हणा."

अशी गंमत चालायची. पण वनिताची गोष्ट आठवली की मी अजूनही अंगावर शाल ओढून घेतो, मग बाहेर कितीही उकडत असो.

वनिता लांज्याच्या पलीकडच्या एका गावातली, शेतकरी घरातली. तिचा नवरा सदानंद मुंबईत गिरणीत होता, गिरणी बंद पडल्यावर एका एजंटाच्या ओळखीने आखातात गेला. घरी फक्त ती आणि सासू. सासूला ती आये म्हणायची, म्हणून आम्हीही आयेच म्हणू लागलो. दोघी एस.टी.ने यायच्या. आये बाकावर मांडी घालून बसायची, पहिली बाजू स्पीकरवर ऐकायची आणि प्रत्येक वाक्याला मान डोलवायची. मग वनिता खुर्चीवर बसून दुसरी बाजू ऐकायची, तेवढा वेळ आये सुमनशी आपल्या गुडघ्यांबद्दल बोलायची.

सदानंदचा आवाज माझ्या लक्षात होता. गावच्या नमन-खेळ्यांत तो मागे उभा राहून सूर धरायचा, असं आये अभिमानाने सांगे. माझ्या चिमुकल्या स्पीकरमधूनसुद्धा तो गडी रुंद छातीचा असणार हे कळायचं. बोलण्यात मात्र धांदरट. म्हशीला आधीच्या म्हशीच्या नावाने हाक मारायचा, शेजाऱ्याच्या पोरांची नावं उलटसुलट करायचा, आणि आये बाकावरून त्याला दुरुस्त करायची.

मग मध्ये बरेच महिने कॅसेट आली नाही. आली तेव्हा श्रावण होता. आयेने पहिली बाजू ऐकली, नेहमीसारखी मान डोलवली. वनिता खुर्चीवर बसली, थोडं ऐकलं आणि हेडफोन काढून माझ्याकडे बघत म्हणाली, "भाऊ, ह्यो ह्यांचा आवाज नाय."

सदानंदला बाबल्या म्हणणारी आये उसळली. "नाय कसा? बाबल्याच हाय माजा. गुडघा इचारला नाय त्यानं?"

मला काय ते लगेच दिसलं, म्हणजे दिसलं असं वाटलं. वनिताच्या कानात सोन्याच्या फुलांच्या कुड्या होत्या, मागे फिरकीचं जाड मळसूत्र. त्यांच्यावर गादी टेकली की खाली बोट जाईल एवढी फट राहायची. पूर्वी मी कापसाचे बोळे लावून वेळ मारून नेत असे. मी तिला छाती आणि घशाचं सगळं पुराण सांगितलं आणि म्हणालो, "कुड्या काढून ऐक. तुझा नवरा परत येईल बघ."

तिचे दोन्ही हात कानांकडे गेले. आये बाकावरून ओरडली, "नको गो! घोव परमुलखात आनि तू बुच्च्या कानान बसतंस?"

आमच्याकडे सवाष्णीने कान उघडे ठेवू नयेत म्हणतात, हे मला माहीत होतं. पण माझ्या डोक्यात तेव्हा फट होती, दुसरं काही नव्हतं. घरी गेल्यावर सुमनने मला चांगलं फैलावर घेतलं. "तुम्हाला हवा कळते, माणूस कळत नाही," असं ती म्हणाली. हे वाक्य तिने त्यानंतरही पुष्कळ वेळा वापरलं.

त्यानंतर कॅसेटी येत राहिल्या. घरखर्चाला काहीबाहीही येत होतं. वनिता येऊन ऐकायची आणि दर खेपेला आणखी गप्प होऊन जायची. मी बोळे लावायचो, ती "बरा येतोय आवाज" म्हणायची. एकदा आये बाहेर भाजीवालीशी बोलत असताना तिने सुमनचा हात धरला आणि म्हणाली, "वैनी, सगळं बरोबर बोलतो. म्हशीचं नाव बरोबर. पोरांची नावं बरोबर. मागल्या दारचा फनस कुठला कापा नि कुठला बरका, ते पन बरोबर. ह्यांना कदी येक गोष्ट बरोबर सांगता आली नाय. म्हनून भ्या वाटतंय."

सुमनने मला सांगितलं तेव्हा मी हसलो. माणूस परदेशात जाऊन शहाणा होतो, म्हटलं. सुमन हसली नाही.

पुढल्या पावसाळ्यात वनिता एकदा एकटीच आली. दुपारची वेळ, पाऊस सरळ उभा कोसळत होता, बाजारात चिटपाखरू नव्हतं. विजेचा दाब कमी होता, दिवा पिवळा होऊन जळत होता. आये गुडघ्यामुळे घरी राहिली होती. वनिताने रुमाल उघडला, त्यात दोन कॅसेटी होत्या. एक सदानंदची जुनी, पहिल्या वर्षीची. दुसरी नुकती आलेली. ती सुमनला म्हणाली, "वैनी, तुमी इथंच थांबा." मग तिने स्वतःच मळसूत्रं फिरवली, कुड्या काढल्या आणि सुमनच्या हातावर ठेवल्या. तिच्या कानांच्या पाळ्या एकदम लहान मुलीसारख्या दिसायला लागल्या.

सुमनने हेडफोन लावला. मी म्हटलं, "हूं म्हण." ती म्हणाली, आणि दचकली. इतक्या महिन्यांत पहिल्यांदा दचकली.

मी जुनी कॅसेट लावली. पहिला शब्द आला असेल नसेल, वनिताने गर्रकन मागे वळून बघितलं. मागे कपाट होतं. ती पुन्हा भिंतीकडे वळली आणि डोळे मिटून ऐकत राहिली. गच्च बसलेल्या हेडफोनमध्ये माणूस समोरून बोलत नाही, तो आपल्या डोक्याच्या आत येऊन बसतो. तिचा नवरा खूप दिवसांनी अख्खा, छातीसकट आला होता. तिच्या चेहऱ्यावर जे होतं ते बघणं बरं नव्हे म्हणून मी बाहेरच्या पावसाकडे तोंड केलं.

मग तिने खूण केली. मी नवी कॅसेट घातली.

ती ऐकत होती तेवढा वेळ काही हललं नाही. टेपवरचा आवाजाचा चढउतार दाखवणारा काटा तेवढा उडत होता. शेवटी तिने हेडफोन उतरवला आणि अगदी साध्या आवाजात म्हणाली, "वरचा आवाज ह्यांचा हाय. खाली कोन दुसराच मानूस बसलाय. भाऊ, तुमी ऐका."

लोकांच्या दुसऱ्या बाजू मी ऐकत नसे. तो माझा नियम होता. तिने हात जोडले म्हणून ऐकली.

पहिल्यांदा जुनी. मग नवी. शब्दांची ढब तीच, वाक्याच्या शेवटी सूर ओढायची लकब तीच, हसायच्या आधी थांबणं तेच. स्पीकरवर मी स्वतः शपथेवर सांगितलं असतं की हा सदानंद आहे. पण खर्जात दुसरी छाती होती. अरुंद, तरणी. दर वाक्याआधी ती एक आवंढा गिळायची, माणूस दुसऱ्याच्या चपलेत पाय घालताना थबकतो तशी. आणि त्याहून वाईट म्हणजे, दोन्ही आवाजांच्या मागे एकच घरघर होती, भिंतीतल्या कसल्याशा यंत्राची, मधूनमधून अडखळणारी. जुन्या कॅसेटीत अडखळायची तशीच नव्या कॅसेटीत अडखळत होती. खोली तीच होती. कदाचित खाटही तीच. तिच्यावर बसून दुसराच कुणीतरी सदानंदच्या आवाजात, सदानंदच्या बायकोला, "जेवत जा गो वेळेवर" म्हणत होता.

मी हेडफोन काढला. वर्षभर मी या बाईला सांगत आलो होतो की दोष तुझ्या कुड्यांचा आहे.

"कोण आहे?" सुमनने विचारलं.

वनिताला माहीत होतं. जुन्या कॅसेटीतच सदानंद बोलला होता की खोलीत गुहागरकडचा एक परशुराम आहे, नकला करून सगळ्यांना हसवतो, माझी नक्कल तर अशी करतो की मीच फसतो. तो रोज रात्री सदानंदच्या तोंडून म्हशीची आणि फणसाची नावं ऐकत असणार. आणि मग तिने आम्हाला आणखी एक गोष्ट सांगितली, जी तिने कुणालाच सांगितली नव्हती. एजंटाने सदानंदला दुसऱ्याच माणसाच्या नावाच्या पासपोर्टवर पाठवलं होतं. तिकडे त्याचं बरंवाईट झालं तर खबर त्या दुसऱ्या नावाने, दुसऱ्याच गावी जाणार. आपल्या घरी येणार तो फक्त आवाज.

"ह्ये न्हाईत आता," ती म्हणाली. ती रडली नाही. तिने सुमनकडे बघितलं. "पन आयेला कळलं तर ती दुसरा दिवस बघनार नाय. आनि मला दिवससुदा म्हाईत नाय. कुठल्या तिथीला पान वाढू?"

तिचं सगळं दुःख त्या प्रश्नात होतं. नवरा गेला, पण कधी गेला हे माहीत नसल्यामुळे तिला विधवाही होता येत नव्हतं. आणि माहीत झालं असतं तरी सासूसमोर होता येणार नव्हतंच.

मग ती म्हणाली, "भाऊ, मला भरून द्या येक कॅसेट."

कॅसेट भरताना आवाज नीट जातोय की नाही हे हेडफोन लावून ऐकावंच लागतं. म्हणून ते माझ्या कानावर पडलं, नाहीतर पडलं नसतं. ती माइकच्या फार जवळ बसली होती, तिचा श्वाससुद्धा माझ्या डोक्यात येत होता.

"परशुरामभाऊ, मी वनिता. मी तुमाला वळखलंय. मला राग नाय. तुमी आयेसाठी करता, त्ये कळतंय मला. ती हाय तवर तुमी असंच बोलत ऱ्हावा, मी ऐकत ऱ्हाईन. पन येक सांगा. कुठला दिवस हुता? तिथी म्हाईत नसंल तर दिवस सांगा, तिथी मी काढीन. शेवटी पानी कोनी पाजलं, त्ये पन सांगा. आनि त्ये सांगताना ह्यांच्या आवाजात सांगू नका. तुमच्या आवाजात सांगा. दुसऱ्या बाजूला सांगा. पैली बाजू आये ऐकते."

एवढंच. बाकीची टेप कोरीच फिरत राहिली, तिने ती थांबवू दिली नाही. मग कुड्या परत घातल्या, कुंकवाकडे आरशात एकदा बघितलं आणि भर पावसात एस.टी. स्टँडकडे गेली. कॅसेट आमच्या ओळखीच्या एका माणसाबरोबर तिकडे पोचली.

 त्या दिवसांत बंद करून ठेवलेला टेपरेकॉर्डर बघितला तरी मला वाटायचं, आत कुणीतरी आवंढा गिळतंय. मी आवाजाचा धंदा करणारा माणूस, मला हे शोभत नव्हतं. पण वाटायचं.

गणपती झाले, भात कापणीला आलं, आणि उत्तर आलं. या खेपेला आयेही आली होती, काठी टेकत. ती बाकावर बसली, मी पहिली बाजू स्पीकरवर लावली. "आये, पाया पडतो. गुडघा कसा हाय?" आवाज सुरू झाला तशी आये मान डोलवू लागली. म्हशीचं नाव बरोबर आलं. पोरांची नावं बरोबर आली. वनिता खाली बघत पदराचं टोक बोटाला गुंडाळत होती.

मग ती खुर्चीवर बसली आणि तिने कुड्या काढल्या. मी आयेकडे बघितलं, आता ओरडणार म्हणून. आये ओरडली नाही. काठीच्या मुठीवर हनुवटी टेकून बघत राहिली, बस्स. वनिताने कुड्या मुठीत धरल्या, सुमनने गाद्या नीट बसवल्या, मी दुसरी बाजू लावली.

दुकानात एक अक्षर ऐकू आलं नाही. काटा मात्र उडत होता. हळू उडायचा, मग बराच वेळ पडून राहायचा, मग पुन्हा उडायचा. कुणीतरी थांबत थांबत सांगत होतं. वनिताची पाठ आमच्याकडे होती, ती ताठ होती.

"काय म्हनतो गो?" आयेने विचारलं.

हेडफोनमधल्या माणसाला आपला आवाज किती मोठा लागतो ते कळत नाही. वनिता भिंतीकडे तोंड करूनच मोठ्याने म्हणाली, "तुमाला इचारतत! घाटावरचं औषद घेता काय म्हनतत!"

"आनि?"

काटा पडला, पुन्हा उडाला. "आनि..." वनिता म्हणाली, "पानी येवस्थित मिळतं म्हनतत! कोन तरी हाय तितं द्यायला!"

सुमन उठून मागच्या खोलीत गेली. मी टेपच्या बटणांकडे बघत राहिलो. त्या गाद्यांनी आयुष्यात एवढं चोख काम दुसऱ्या कुणासाठी केलं नसेल. एका माणसाचा मृत्यू माझ्या दुकानात सांगितला जात होता आणि त्याची आई चार हातांवर बसून त्यातलं काहीही ऐकू शकत नव्हती. कारागिराला याहून काय हवं? आणि मला ते दुकान सोडून पळून जावंसं वाटत होतं.

काटा पडला तो मग उठलाच नाही. वनिता तरी ऐकत बसली होती. शेवटी तिने हेडफोन काढून मांडीवर ठेवला. डोळे कोरडे होते, ओठ हलत होते. दिवस मोजत असावी, नाहीतर तिथी.

तेवढ्यात आये म्हणाली, "मला पन लाव गो त्ये कानाला. येवढी वर्सं येतंय, कदी लावलं नाय."

वनिताने माझ्याकडे बघितलं. मी टेप थांबवली, कॅसेट उलटी केली, पहिली बाजू आणून ठेवली. कॅसेट उलटी करायचं काम माझा हात झोपेतही करतो. आयेला आम्ही खुर्चीवर बसवलं. वनिताने हेडफोन तिच्या डोक्यावर चढवला. आयेचे कान नवरा गेला तेव्हाच, कित्येक वर्षांपूर्वी, बुच्चे झालेले होते. गादी पहिल्या झटक्यात गच्च बसली. "हूं म्हणा" म्हणायचीही गरज पडली नाही, ती नुसती खाकरली आणि दचकली.

तिने पहिली बाजू ऐकली. मघाशी स्पीकरवर ऐकली होती तीच. एकदाही मान डोलवली नाही. मध्येच तिने दोन्ही हातांनी वाट्या कानांवर आणखी दाबून धरल्या आणि तशीच बसून राहिली, टेप संपून बटण खटकन वर येईपर्यंत.

मग तिने हेडफोन काढला. 

"आवाज बसलाय त्याचा," ती म्हणाली. "थंडी झाली असंल."

"व्हय आये," वनिता म्हणाली.

आयेने तिचा हात ओढून घेतला आणि मूठ उघडली. कुड्यांचे वळ तळव्यावर उमटले होते. "हिकडं बस," ती म्हणाली. वनिता तिच्या पायाशी जमिनीवर बसली. आयेची बोटं सांध्यांत वाकडी झालेली, त्यामुळे मळसूत्र पुन्हा पुन्हा सुटत होतं. सुमन मदतीला पुढे झाली, तर तिने सुमनचा हात बाजूला सारला. दोन्ही कुड्या घालून झाल्यावर तिने सुनेची हनुवटी वर केली आणि म्हणाली, "ह्या आता काढायच्या नायत. मी मरंस्तवर."